मालनच्या वाचनाची तरतूद

आमच्या गावच्या शाळेत चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि गुरुजी पत्र्याच्या डब्यावर छडीने ताल धरायचे. तो ठणठणाट आज एकाहत्तराव्या वर्षीही माझ्या कानात जसाच्या तसा आहे. यावरून माझी बुद्धी व स्मरण शाबूत आहेत असे समजावे. मी, धाकू विठू मांजरेकर, छापखान्यातला निवृत्त कंपॉझिटर, राहणार पंतनगर, घाटकोपर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो.

१. माझी मालकीची खोली मुलगा राजाराम यास मिळावी. मात्र पुढची बाजू संध्याकाळी पाच ते सात नात मालन हिच्या शिकवणीसाठी मोकळी ठेवावी. टीव्ही बंद. राजाराम, तू म्हणालास, "बाबा, नाही वाचत तर नाही वाचत. शिवण शिकेल." खुशाल शिकू दे रे, पण वाचायला आल्यावर!

२. फंडाची शिल्लक फक्त मालनच्या खास शिक्षिकेसाठी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी 'डिस्लेक्सिया' असे लिहून दिले आहे. पोर हुशार आहे, अक्षरं तेवढी तिला दाद देत नाहीत. तो कागद सून सुगंधा हिने जपावा.

३. छापखान्यातून आणलेली लाकडी अक्षरं मालनची. त्यांवरून बोट फिरवून ती 'घ' आणि 'ध' वेगळे ओळखू लागली आहे. कविता तर एकदा ऐकली की पाठ. माझ्याकडच्या सगळ्या तिला आधीच देऊन झाल्या.

४. मुख्याध्यापिकाबाईंना काही नाही. त्यांनी मालनला मंदबुद्धीच्या शाळेत घालायला सांगितले. मी म्हणालो, "बाई, चाळीस वर्षं मी छापखान्यात उलट्या अक्षरांचे खिळे वाचले. मला कोणी मंद म्हटलं नाही, उलट पगार दिला." त्या म्हणाल्या, "आजोबा, एका मुलीसाठी वेगळा तास कुठून काढू?" तिला शाळेतून काढू नये, परीक्षा तोंडी घ्यावी व वेगळा तास द्यावा, असा अर्ज मी दर सोमवारी देतो. माझ्यामागे सुगंधाने द्यावा. पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नये.

सही: धाकू विठू मांजरेकर
घाटकोपर, १२ जुलै १९८७
साक्षीदार: १. गुणाजी तावडे, शेजारी
२.

दुसरे साक्षीदार दशरथ शिंपी यांची वाट पाहत असता दार वाजले. उघडले तर अनोळखी बाई, हाताशी मालनएवढी मुलगी.

"मालनचं घर हेच ना? मी राधा, रमाबाई नगरातली. दवाखान्याच्या रांगेत तुमची सून भेटलेली, तिनंच अर्जाचं सांगितलं. आमची शकु पण त्याच शाळेत, वाचता येत नाही म्हणून हिलापण काढतायत. अर्जावर हिचं पण नाव घाला ना, आजोबा."