सोळा संमतिपत्रं

३ नोव्हेंबर

सोळा हवीत. हातात पाच आहेत.

कंपाउंडर सकाळी औषधाचं दुकान उघडायच्या आधी आला. मे महिन्यापासून पथक तोच सांभाळतो. दारातच उभा. चहा नको म्हणाला, मग प्यायला. डिसेंबरच्या शिबिराला सोळा मुलं तरी झाली पाहिजेत, नाहीतर स्काउट पथक बंद. वरून पत्र आलंय. महिनाअखेरपर्यंत सोळा संमतिपत्रं द्यायची, पालकांच्या सहीची. "मी गेलो की लोक दार लोटून घेतात, वहिनी. तुम्हाला कोण नाही म्हणेल?"

म्हणजे मास्तरांच्या विधवेच्या तोंडावर दार लावायला लोक कचरतील. तसं तो बोलला नाही. पण मला कळतं.

हो म्हणाले.

४ नोव्हेंबर

हो का म्हणाले ते लिहून ठेवते. उद्या मलाच प्रश्न पडायला नको.

मे महिन्यातल्या शिबिरात चिमणी नदीत बुडाली. चार घरं पलीकडच्या टेलरबाईंची एकुलती एक. आवाज बारीक म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिला काढायला हे पाण्यात उतरले. दोघंही दुसऱ्या दिवशी सापडली, खालच्या वळणावर.

मग चौकशीचा कागद आला. तो मी स्वतः वाचला. मला शाळा नाही. इस्पितळाच्या धुलाईघरात गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या लावता लावता अक्षरं जुळवली, मग यांचं शिबिराचं पुस्तक, मग वाचनालयातलं हाताला लागेल ते. केवढा अभिमान होता मला वाचता येतं त्याचा! आणि वाचायला काय आलं, तर — "पथकप्रमुखांच्या मोजणीतील चुकीमुळे मुलगी मागे राहिल्याचे वेळेत लक्षात आले नाही."

मोजणीतील चूक. यांची! मास्तर ते पथकाचे; पोटासाठी खुर्च्यांच्या कारखान्यात हा माणूस खिळे तोंडात धरून काम करायचा. किती उरलेत ते जिभेला ठाऊक. शिबिरात दर तासाला शिट्टी. शिट्टी झाली की रांग, आणि रांगेत ज्यानं त्यानं आपला नंबर ओरडायचा. बावीस मुलं, बावीस आवाज. एक कमी पडला असता तर हे भरल्या ताटावरून उठले असते.

पथक बंद पडलं तर यांच्यामागे तो कागद तेवढा उरेल. चालू राहिलं, पोरं गेली, हसत परत आली, तर लोक पुन्हा म्हणतील — मास्तरांचं पथक. एवढंच हवंय मला.

६ नोव्हेंबर

धुलाईघरात आज माझी सुट्टी. अकरा घरं केली. दोन सह्या.

न्हावी म्हणाला, "मास्तरीणबाई, याला तंबूत झोपवता? हा दिवा मालवला तरी आईला हाक मारतो!" मी म्हटलं, म्हणूनच पाठवा. तंबूची दोरी स्वतः ताणली, चूल स्वतः पेटवली, तीन दिवस आपलं ताट आपण घासलं, की घरी ते कोण घासतं ते कळतं. बायको आतून ओरडली, "मग आधी बापाला न्या!" सही तिनंच केली.

पुढच्या घरी हसणं नव्हतं. "एक गेली ना? अजून किती पाहिजेत?" आणि दार लागलं. लाज वगैरे काही आड आली नाही.

बहुतेक सगळे एकच विचारतात — तुमची जाणार आहे ना? जाणार तर! म्हणाले. लेकीला विचारलं नव्हतं.

७ नोव्हेंबर

विचारलं. "नाही." मान वर न करता. एवढंच.

१० नोव्हेंबर

वन्सं आल्या होत्या. "काय गं, निवडणुकीला उभी राहिलीस की काय? दारोदार फिरतेस ती!" मग फॉर्म हातात घेतला. फॉर्मचा नमुना यांच्याच अक्षरातला आहे, झेरॉक्स काढून काढून फिका पडलेला. वन्संनी भावाचं अक्षर बोटानं गिरवलं. "मुलाचे नाव" मधला "ल" तो लहानपणापासून असाच पाय पसरून काढायचा, म्हणाल्या. जाताना बजावून गेल्या, "पथक बंद पडू द्यायचं नाही. माझा भाऊ काही चुकार नव्हता."

लेक पंधराची आहे. सहा महिने झाले, घरात असून नसल्यासारखी. चिमणी तिची जिवलग. टेलरबाईंचं घर नको म्हणून शाळेला मागल्या गल्लीनं जाते, दहा मिनिटं जास्त चालून. मी टोकत नाही. मीही यांच्या करवतीला दर रविवारी तेल लावते, गंजू नये म्हणून. कोण वापरणार आहे? ज्याचं दुःख त्यानं आपल्या परीनं न्यावं.

आठ झाली.

१२ नोव्हेंबर

आज टेलरबाईंच्या घरावरून जाताना त्यांनीच हाक मारली. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

मशीनवरून उठल्या नाहीत. "सह्या गोळा करताय म्हणे."

हो म्हटलं.

"करा. शिबिर वाईट नाही. माझी किती खुशीत जायची. पथकाचे सगळे स्कार्फ मीच शिवलेत." धागा दातानं तोडला. "मला एकच सांगा मास्तरीणबाई. इतकी माणसं येऊन गेली. सगळी म्हणतात, वाईट झालं. फार वाईट झालं. 'चुकलं' असं एकानं तरी म्हणावं की नाही? कागदात लिहिलंय, ते ठीक. पण तोंडानं? माझ्यासमोर उभं राहून?"

मी तिथे उभी. काय म्हणणार? चुकलं म्हणजे यांचं चुकलं. आणि यांचं चुकलेलं नाही. "येते," म्हटलं आणि निघाले.

मागे मशीन चालू झालं.

१५ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

बेकरीवाल्याकडे गेले होते. त्यांची धाकटी नऊ वर्षांची. मे महिन्यात सगळ्यांत लहान तीच, नंबर तेरा. आई म्हणाली, "पाठवते हो, नाहीतर घर डोक्यावर घेईल. दिवसभर शिबिरच खेळत असते." मग गिऱ्हाईक आलं म्हणून ती दुकानात गेली.

पोरीनं पावाचे रिकामे साचे रांगेत मांडले होते. तोंडानं शिट्टी, आणि एकेका साच्याचा आवाज. आठ, नऊ, दहा. अकरा घोगऱ्या आवाजात. बारा बारीक, किनऱ्या आवाजात. अगदी चिमणीच! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, छान काढतेस गं तिचा आवाज.

"मी कुठे? ताई काढते छान. तुमची ताई. त्या दिवशी संध्याकाळी पण तिनंच काढला. अकरा पण तीच, बारा पण तीच! आम्ही सगळे इतके हसलो!"

पोर हसतच होती.

अकरा नंबर माझ्या लेकीचा.

आई पीठ लागल्या हातानं सही करून आली. मी फॉर्म घेतला. घरी कशी आले आठवत नाही. चौकशीला मोठ्यांनाच बोलावलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला कोण विचारतो?

१६ नोव्हेंबर

धुलाईघरात आज माझे गठ्ठे दोनदा चुकले. दहाच्या जागी नऊ चादरी. मुकादम म्हणाली, "तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला?"

१८ नोव्हेंबर

दोन दिवस धीर झाला नाही. आज दुपारी ती शाळेतून आली, हातपाय धुतले, आणि मी विचारलं. सरळ. त्या संध्याकाळी बारा कोण बोललं?

तिनं टॉवेल घडी केला. उलगडला. पुन्हा घडी केला.

"तिचा पेला नदीतल्या खडकावर राहिला होता. म्हणाली, तुझे बाबा ओरडतील, घेऊन येते पळत, तोवर सांभाळ. मला वाटलं दोन मिनिटं."

"मग शिट्टी झाली."

"मी तिचा आवाज काढला. सगळे हसले. बाबा तंबूची दोरी बांधत होते, पाठमोरे. ते पण हसले, आई. त्यांना वाटलं ती आज खुशीत आहे."

मग जेवायला बसले सगळे. एक ताट उरलं. यांनी विचारलं, बारा कुठाय? कुणीच बोलेना. ही पण गप्प.

"बाबांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. आणि पळाले."

म्हणजे यांना कळलं होतं. कळूनच पाण्यात गेले.

मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. हात उचललाच गेला नाही. खोटं कशाला लिहू इथे? नंतर, रात्रीसुद्धा नाही घेतलं.

२० नोव्हेंबर

डोकं काम करत नाही. तरी मांडते.

खरं सांगितलं तर यांचं नाव स्वच्छ. मोजणी बरोबर होती. यांच्या कानावर बावीस आवाज आले होते, बावीस! मी म्हणत होते तेच. सहा महिने ज्यासाठी दात-ओठ खात होते ते हातात आलंय, आणि धरवत नाही.

आणि लेक? तिला जन्मभर इथेच राहायचंय, याच गल्लीत, टेलरबाईंपासून चार घरांवर. पंधरा वर्षांच्या पोरीनं केलेली एक नक्कल.

मेलेल्याचं नाव धुवायला जिवंत पोर दगडावर आपटायची का?

पुस्तकांत अशा वेळी माणसांना काहीतरी सुचतं. मला सुचत नाही.

२२ नोव्हेंबर

नऊवर गाडी अडलीय. कंपाउंडरनं रविवारी पालकांची सभा बोलावलीय, शाळेच्या मोठ्या खोलीत. "दोन शब्द बोला वहिनी. लोकांचा विश्वास बसायला हवा."

बोलते म्हटलं. काय बोलायचं ते मला त्याच क्षणी कळलं.

२४ नोव्हेंबर

बोलले.

खोलीत चाळीसएक माणसं. लहान मुलांची बाकं, मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. टेलरबाई पहिल्या बाकावर. लेक घरीच.

उभी राहिले. म्हणाले — मोजणी माझ्या नवऱ्याची चुकली. त्यांनी तोंडं बघून मोजायला हवं होतं. पाठ फिरवून मोजलं. त्यात टेलरबाईंची मुलगी गेली. चुकलं आमचं.

टेलरबाई म्हणाल्या, "परत म्हणा."

परत म्हणाले. चुकलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि सहा महिने जे रडणं कुणी ऐकलं नव्हतं ते सगळ्यांनी ऐकलं.

मग न्हावी उठला. म्हणाला, एकानं खरं बोलून तर दाखवलं! आता तोंडं बघून, हात लावून मोजा, आमची ना नाही. कंपाउंडरनं सगळ्यांसमोर शपथ घेतली. तिथल्या तिथे सहा सह्या. पंधरा झाली.

खोट्याला आज सहा सह्या मिळाल्या. महिनाभर खऱ्याला चार.

तोंडं बघायला हवी होती, हे मात्र मी रचलेलं नव्हतं. ते तोंडातून निघालं तेव्हा मलाच कळलं की मला तसं वाटतं. वाटत होतंच का आधीपासून? आज तरी ते विचारायची ताकद नाही.

दारात वन्संनी गाठलं. आवाज चढवला नाही, हळूच म्हणाल्या, "नदीनं एकदा बुडवलं त्याला. तू दुसऱ्यांदा बुडवलंस, चारचौघांत." आणि गेल्या. आता येणार नाहीत. मी ओळखते त्यांना.

२६ नोव्हेंबर

सोळावं नाही. लोक पुन्हा तेच विचारतात — तुमच्या मुलीचं आलं का?

लेकीला सभेतलं सगळं शाळेत कळलं. ताटावर बसली आणि जेवली नाही. "बाबांचं नाव का घेतलंस?"

म्हटलं, मोजणी त्यांचीच होती.

"तुला माहीत होतं."

हो.

"मग आता मी काय करायचं?"

काही नाही करायचं. जेव. शाळेत जा. मोठी हो.

असं माझ्याकडे बघितलं तिनं! मारायला हात उगारला असता तर बरं, असं.

२९ नोव्हेंबर

लेक आत्ता टेलरबाईंकडे गेली. मागल्या गल्लीनं नाही, समोरून. जाताना मला म्हणाली, "तू येऊ नकोस." मी पायरीवर बसून लिहितेय. दार लागलं. बराच वेळ झाला.

दार उघडलं. दोघी इकडेच येताहेत. टेलरबाईंनी तिचा हात धरलाय. ओढून आणताहेत की सोबतीनं, इथून कळत नाही.