पहिलीच्या पाट्या

प्रिय मैने,

‘माझ्या पगाराचं काय झालं?’ एवढीच तुझी चिठ्ठी आली, त्याला महिना झाला. तीनदा उत्तर लिहायला घेतलं, तीनदा फाडलं. आज फाडणार नाही.

युद्ध लागल्यापासून अडकलेले आपले पगार सुटले गं! तू दारोदार फिरून अर्जावर पालकांच्या सह्या घेतल्यास, त्याचंच हे फळ. पण कचेरीने मेख मारली. हजेरीपटावर सही असेल त्यालाच पगार. आणि आपण तर ठरवलं होतं, शिकवायचं, पण पगार मिळेपर्यंत हजेरीपटाला हात लावायचा नाही. कल्पना तुझीच, बाई! टाळ्या मात्र आम्हीही वाजवल्या.

शेवटी पालकच पुढे सरसावले. एका सहीसाठी तुला तीन चकरा मारायला लावणारा तो न्हावी आठवतो? त्यानेच युक्ती काढली. मुलांच्या वह्या! वही तपासली की लाल शाईने सही आणि तारीख, ही आपली खोडच ना. पोती भरून वह्या कचेरीत ओतल्या. साहेब दोन दिवस पानं उलटत बसले आणि एकेकाचा पगार मंजूर करत गेले.

तुझा तेवढा राहिला. कागद मिळेनासा झाला तेव्हा कोऱ्या वह्या तू मोठ्या वर्गांना देऊन टाकल्यास आणि पहिलीला पाटीवर शिकवलंस. पाटी पुसली की संपलं. पुरावा कुठून आणायचा?

काल कळलं, तुझी आई गेली. औषधासाठी शाळा सोडून शिवणकारखान्यात गेलीस, तरी पुरं पडलं नाही. मला रडू आवरेना. पण तुझ्याकडे यायला तोंड नव्हतं.

माझा पगार वह्यांमुळे सुटला असं सगळ्यांना वाटतं. खोटं आहे ते. मी रोज घंटेआधी गुपचूप जाऊन हजेरीपटावर सही करत होते. घाबरले होते गं, नोकरी गेली तर पोरांना काय खायला घालू? हजेरीपट असतो त्या शाळेच्या कार्यालयाची वाट तुझ्या वर्गाच्या खिडकीवरून जाते. तू आत ओल्या फडक्याने पाट्या पुसून ओळीने मांडत असायचीस. एक दिवस खंड नाही. मोठ्या माणसांत हे रोज पाहिलं ते मी एकटीने, आणि मी तिथे होते याला माझी रोजची सही साक्षी आहे. महिन्यापूर्वी तोंड उघडलं असतं तर औषध वेळेत आलं असतं. मी माझी अब्रू सांभाळत बसले.

उद्या साहेबांपुढे, सगळ्यांच्या देखत सांगणार आहे. रोज तिथून का जात होते, तेसुद्धा. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. पगार मिळेल तुला. आईसाठी मागितला होतास, हे मला ठाऊक आहे.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
तिसरीची बाई