आबांनी आणलेल्या चपला

कोपर, ७ जुलै २०२५

चि. राजरत्न यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर बोलायला लागले की आबा शेजारी येऊन बसतात आणि त्यांच्याबद्दलच चाललंय हे त्यांना बरोबर कळतं. म्हणून पत्र. नाक मुरडू नकोस.

आपले आबा आता चोऱ्या करतात. हो रे, शाळेतला खडूसुद्धा कधी घरी न आणलेले हेडमास्तर! बिल्डिंगभर फिरून दारांतल्या पोरांच्या चपला उचलतात आणि पलंगाखाली ओळीने लावतात. काल वरच्या मजल्यावरच्या समृद्धीच्या नव्या सँडल निघाल्या. हातात सँडल आणि तोंडाने पंचशील! न दिलेली वस्तू घेणार नाही, तेसुद्धा खणखणीत म्हणाले. हसू की रडू कळेना. जन्मभराचा चांगुलपणा असा जातो का रे? मग तो त्यांचा होता, की नुसता पाठ केलेला?

चपला मी घरोघर परत केल्या. सोसायटी म्हणते, बाहेरून कुलूप लावा, नाहीतर वृद्धाश्रमात ठेवा. माझ्याच्याने दोन्ही होणार नाही. तू ये.

माया आहेच तुझी. ती वाढवण्याऐवजी एक रविवार इकडे वाढव.
तुझी शकूताई

वर्तकनगर, १२ जुलै

ती. ताईस,
सविनय जयभीम.

माझं बोलणं तुला आवडणार नाही. बरं-वाईट कुणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही गं. माणसांनीच ठरवलं, माणसांनीच शिकवलं. आपल्याला तर आबांनी छडीने शिकवलं. शिकलेलं सगळं विसरतायत, तसं हेही. त्यांचा दोष नाही, पण लोकांचाही नाही. कुलूप लाव.

रविवारी ड्युटी आहे. छे, खोटं कशाला लिहू? मागे आलेलो तेव्हा त्यांनी मला कोण आपण म्हणून विचारलं. पुन्हा ते ऐकायची हिंमत नाही. माझ्याऐवजी तुझी भावजय, वैशाली, येईल.

शिव्या दे, पण दूर करू नकोस.
तुझा राजू

कोपर, १९ जुलै

चि. राजू,
जयभीम.

लावलं कुलूप. त्याआधी आबांना विचारलं, चपला कशाला आणता? म्हणाले, पोरं काट्यांतून अनवाणी शाळेत येतात, वाटायच्या आहेत. हे त्यांना कुणी छडीने शिकवलेलं रे? शीलं नुसती तोंडात राहिली, पण हे आत शाबूत आहे.

काल भाजी घेऊन आले तर खाली ही गर्दी. समृद्धी अनवाणी खेळत होती. ते खिडकीतून बघून आबांनी पायातली चप्पल गजांतून तिच्याकडे टाकली. दुसरी गजांतून जाईना, म्हणून ती घेऊन दार बडवत होते, पोरगी अनवाणी आहे म्हणून ओरडत होते. लोक म्हणाले, म्हातारा पोरांना चपला फेकून मारतो. मी हात जोडले, समजावलं. कोण ऐकतो? त्यांना इथून हलवा म्हणून सगळ्यांनी अर्जावर सह्या केल्या. माझ्या हातात किल्ली होती राजू, आणि मला काहीही करता आलं नाही.

पुढच्या सोमवारी, २८ तारखेला, त्यांना वृद्धाश्रमात सोडायचं आहे. मला एकटीला नाही जमणार. ओळखलं नाही तरी ये. येताना त्यांना आठ नंबरची चप्पल आण. तिथे पोचल्यावर त्यांनी ती कुणाला देऊन टाकली तर रागावू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
शकूताई