जुळले म्हणाला होता

१७ फेब्रुवारी

आज शेड उघडली. कुलूप निघायला वेळ लागला — किल्ली उलटी घालत होतो.

आत सगळं होतं तसंच. टेबलावर धाकट्या भावाचा चष्मा, काड्याही न मिटलेला. खुर्चीवर त्याचा कामाचा सदरा. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढंच वाटलं.

टपालवाल्याचं इंजिन फडक्याखाली आहे. जुनी मोटारसायकल, दोन सिलिंडरची. धाकट्यानं त्याचे दोन्ही कनेक्टिंग रॉड, पिस्टनला जोडणारे दांडे, काढले होते आणि वजनाला जुळवत बसला होता. शेवटच्या संध्याकाळी हात पुसत म्हणाला, "दादा, जुळले! उद्या बसवू." सकाळी उठलाच नाही.

मी आपला सुटे भाग धुणारा. पण इतकी वर्षं शेजारी बसून बघितलंय. बसवायचंच तर राहिलंय. बसवीन म्हणतो.

चुकलं तर?

१८ फेब्रुवारी

जेवण जातं. झोपही लागते. अशी कशी लागते?

१९ फेब्रुवारी

बसवण्याआधी रॉड एकदा तोलून बघितले. उगाच, आपल्या खात्रीसाठी. धाकटा असता तर ओरडला असता. लोकांसमोर सांगायचा, "आमचे दादा म्हणजे काळजीवाहू सरकार! निर्णय घ्यायचे नाहीत, काळजी तेवढी चोवीस तास."

त्याला आकड्यांचा वजनकाटा कधी आवडला नाही. सोनाराकडून आणलेला जुना तराजू आहे. एका पारड्यात एक रॉड, दुसऱ्यात दुसरा. काटा मधोमध आला की जुळले. न जुळलेले घातले तर इंजिन असं थरथरतं की चालवणाऱ्याच्या हाताला मुंग्या येतात, आणि पुढे एखाद दिवशी रॉड मोडून इंजिन फोडून बाहेर येतो.

आज डावं पारडं खाली गेलं. झुकलं नाही — बसलंच!

पारडी पुसली. रॉडांची अदलाबदल केली. आता उजवं बसलं.

जुळले म्हणाला होता.

कपाटातले पाने मोठ्यापासून लहानापर्यंत लावले. ते आधीच तसे लावलेले होते.

२१ फेब्रुवारी

टपालवाला आला. दारातच उभा राहिला, आत येईना.

"काका, राग मानू नका. माणूस सोन्यासारखा होता. पण शेवटी शेवटी त्यांचा हात राहिला नव्हता हो. मागे आलो तर मला माझ्या भावाच्या नावानं हाक मारली. क्लच भलत्याच गाडीचा उघडून बसलेले." मग म्हणाला, "इंजिन पोत्यात घालून देता का? दुसरीकडे दाखवतो."

मी म्हटलं, काम संपल्यात जमा आहे, महिनाअखेर थांब. कुठून आलं तोंडात, देव जाणे! तराजूचं बोललो नाही. तो "बरं" म्हणाला, पण फडकं उचलून इंजिनाकडे असं बघितलं की जणू आजारी माणसाचं पांघरूण उचलतोय.

२२ फेब्रुवारी

भावजयीनं पोळी वाढता वाढता विचारलं, "दादा, ह्यांचं खरंच चुकायला लागलं होतं का हो? बाहेर बोलतात लोक."

मी म्हटलं, "लोकांना काय उद्योग!"

"तसं नाही. मलाच कधी कधी... चहात मीठ घातलं होतं एकदा. मी हसले. ते नाही हसले."

तिला सांगायचं काय? हात खरा असता तर ते दोन रॉड जुळले असते. हात गेला असेल तर ती उरलेला सगळा जन्म मागचं उकरत बसेल — कुठल्या दिवशी गेला, आपल्याला कळलं कसं नाही, डॉक्टरकडे नेलं कसं नाही.

दुसरी पोळी घेतली. नको होती.

२४ फेब्रुवारी

लेथवाल्याकडे गेलो. त्याची आणि धाकट्याची जुनी दोस्ती. त्यानं मशीन बंद केलं नाही, त्या आवाजातच बोलला. "त्यात काय एवढं? जड असेल त्याचं घासून काढायचं. हलक्याला काय चिकटवणार, लापशी?"

मी म्हटलं, "पण तो म्हणाला होता जुळले."

आता मात्र मशीन बंद केलं. माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "अरे, म्हातारा झाला होता तो. आपण सगळेच झालोय. घास आणि बसव. कुणाला कळणार आहे?"

येताना रस्त्यात एका सायकलवाल्यानं शिवी दिली. मी मधोमध चालत होतो म्हणे.

२५ फेब्रुवारी

घासलं.

रॉडचं मोठं टोक दोन तुकड्यांचं असतं. दांडा आणि त्याखाली बोल्टानं आवळलेली टोपी. टोपीच्या बुडाला जाड ओठ ठेवलेला असतो, तो घासण्यासाठीच. कानस धाकट्याची. तिच्या मुठीला त्याच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बसत नाही.

खाली कागद पसरला होता. पडेल तो कीस त्याच्यावर. पुडी बांधून ठेवली. का, ते सांगता येत नाही. एकदा काढलेलं लोखंड परत लागत नाही, कळतं मला. पण टाकवत नाही. धाकटा असता तर म्हणाला असता, "जपून ठेव हो, वरण घट्ट करायला होईल!"

थोडं घासायचं, तोलायचं. पुन्हा थोडं. पारडं हलायचं नाव नाही. एवढा फरक काढायचा तर टोपीचा ओठ सगळाच जाईल.

मग थांबलो. एवढा मोठा फरक? हात कापत असला तरी डोळे तर होते. पारडं असं धाडकन बसलेलं दिसत असताना माणूस "जुळले" म्हणेल? म्हणजे हातच नाही, सगळाच गेला होता की काय तो? आणि मी शेजारी बसून भाग धूत होतो.

कानस जागेवर ठेवली. भीती वाटली की नाही, तेही समजलं नाही.

२६ फेब्रुवारी

शेडमध्ये गेलो नाही. गुडघा दुखतो असं सांगितलं. दुखत नव्हता.

२७ फेब्रुवारी

भावजयीनं चहा आणून दिला. माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "आता निवळलेत. त्या दिवशी कसे पांढरेफटक पडले होते!"

"कुठल्या दिवशी?"

"अहो, हे गेले त्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं आणि तुम्ही शेडमध्ये आमच्याकडे पाठ करून रॉकेलच्या घमेल्यात हात घालून बसलेले. माझा भाऊ उठवायला निघाला होता. मीच म्हटलं, राहू दे, धुऊ दे त्यांना."

"मी? काय धूत होतो?"

"मला काय नावं येतात? टेबलावरचे ते दोन दांडे. बोल्ट काढलेत, खालच्या टोप्या काढल्यात, सगळं धुतलंत, पुसलंत, परत लावलंत. किती वेळ!" मग घाबरून म्हणाली, "दादा, आठवत नाही तुम्हाला?"

नाही आठवत. पुष्कळ ताण दिला. दारातल्या चपला आठवतात, कुणाची तरी लाल वहाण उलटी पडली होती. पुढचं काहीच नाही. कोरं.

चहा तसाच ठेवून शेडमध्ये गेलो. माझा चष्मा घरात राहिला. धाकट्याचा लावला. त्यातून मला एरवी धड दिसत नाही, पण जवळचं दिसलं.

टोपी ज्या दांड्याची त्यालाच लावायची. दोन्ही एकत्र बसवून गोलाई कापलेली असते, वजनही दोघांचं मिळून धरायचं. म्हणून धाकटा उघडण्याआधी लोखंडी पंच ठोकून खुणा करायचा. एका दांड्यावर एक ठिपका, त्याच्या टोपीवरही एक. दुसऱ्यावर दोन, त्याच्या टोपीवर दोन. मी ठिपके बघितलेच नव्हते! टोप्या त्यानंच लावल्यात, असं धरून चाललो होतो.

दांड्यावर एक ठिपका. त्याच्या टोपीवर दोन.

दुसरा उचलायची गरज नव्हती. तरी उचलला. दोन. आणि एक.

असेच इंजिनात घातले असते तर? टपालवाला सकाळी निघाला असता...

आज बोल्टांना हात लावला नाही. उद्या, दिवसाउजेडी.

२८ फेब्रुवारी

टोप्या बदलल्या. ठिपक्याला ठिपका. तराजूवर ठेवले. काटा मधोमध आला — पण अगदी नाही. मी घासलेली टोपी जिकडे, ते पारडं केसभर वर.

पुडी सोडली. कीस त्या पारड्यात झटकला, कागदावर टिचकी मारून मारून, कणसुद्धा राहू दिला नाही. काटा थरथरला आणि मधोमध थांबला.

भावजयीला हाक मारली. ती आली, तिला ठिपके आणि काटा दाखवला, त्या दिवशी टोप्या मीच उलट्यापालट्या लावल्या ते सांगितलं.

"म्हणजे हे चुकले नव्हते?"

"नाही."

तिनं माझ्या डोळ्यांवरचा त्याचा चष्मा काढला, पुसला, परत दिला. ओला झाला होता म्हणे.