दारातली तपासणी

दि. ९ मार्च, सोमवार
दुपार, मुलं निजली आहेत

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. भाऊजींची पाठदुखी कशी आहे? नवीन घर लागलं का? पत्ता मी त्यांच्याकडूनच काढून घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी फार मागे लागले होते.

इथे कांजिण्यांची दुसरी फेरी चालू आहे. आपल्या पाळणाघरात सध्या तीनच मुलं येतात, तिघंही अंगभर फोड घेऊन. दोन जुळ्या आणि शिंपीणबाईंचा गुंड्या. त्यांच्या आयांना रजा मिळत नाही आणि मला लहानपणीच येऊन गेल्यात, म्हणून मीच म्हटलं, आणा. बाकीच्यांनी मुलं घरी ठेवली आहेत. कोमट पाण्याने अंग टिपायचं, एकेका फोडावर ते गुलाबी औषध लावायचं, नखं कापायची, खाजवू नये म्हणून हातांत मोजे चढवायचे. धाकटी जुळी रोज विचारते, "माझी बटणं कधी निघणार?" गुंड्या औषधाची बाटली दिसली की पलंगाखाली. काल त्याला ओढायला मी जमिनीवर आडवी झाले आणि मग मलाच उठता येईना. तिघं हसून हसून लोळली. मी सवयीने तुला हाक मारली.

दिवसभर माझ्याशी बोलणारं सगळ्यांत मोठं माणूस चार वर्षांचं आहे. संध्याकाळी तेही घरी जातं. मग मी चादरी उकळते, मोजे वाळत घालते आणि रेडिओ लावून ठेवते, ऐकत काही नाही. फार एकटं वाटतं गं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

हो, आपल्या पाळणाघरातल्या तान्ह्याला बघून आले. कांजिण्या छातीत उतरल्या होत्या ना त्याच्या. अकरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आणलंय. छाती मोकळी झाली, दूध पितंय. त्याच्या वडिलांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "तुमचा काय दोष? दारात तर तुमच्या जाऊबाई असतात." मी चहा प्यायले.

आता लिहितेच.

दारातली तपासणी तुझी. सदरा वर करून पोट-पाठ बघायची, तळहात बघायचे, शंका आली की मूल परत पाठवायचं. किती आया तुझ्यावर फणफणल्या! मग मी आतून यायचे, पोराचा पापा घ्यायचे, आणि त्या म्हणायच्या, मोठ्या बाई किती मायाळू. मला ते आवडायचं. दारातली वाईट तू आणि आतली चांगली मी, ही वाटणी मला फार सोयीची होती.

त्या गुरुवारी तू दूध आणायला खाली गेली होतीस. बेकरीत काम करणारी ती धापा टाकत पोराला घेऊन आली. मी सदरा वर केला. पोटावर दोन फोड होते, पाणी भरलेले. ती म्हणाली, "डास चावलाय हो. आज खाडा झाला तर मला काढतील. धाकट्या बाईंनी घेतलंच नसतं, तुम्ही आहात म्हणून." एवढं ऐकलं आणि मी फुलले. सदरा खाली ओढला आणि त्याला आत घेतलं. दुपारी तान्ह्याशेजारीच निजवलं. तुला सांगितलं, अंग स्वच्छ होतं.

पुढे तान्ह्याचे वडील दारात उभे राहून तुला नाही नाही ते बोलले. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. त्या दिवशी दारात मी होते, हे तुला ठाऊक होतं. तू तेही त्यांना सांगितलं नाहीस. मी सांगेन म्हणून वाट पाहिलीस ना? मी खाली मान घालून गुंड्याचा भात कालवत राहिले. तिसऱ्या दिवशी तू सामान बांधलंस.

मला फोड दिसले होते, धाकटे. डास नाही हे मला कळत होतं.

संध्याकाळ, साडेसात

आत्ताच तान्ह्याच्या घरून आले. सगळं सांगितलं. आईने तान्ह्याला उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली. त्याआधी मुलं न्यायला आलेल्या आयांनाही सांगितलं होतं. शिंपीणबाई म्हणाल्या, उद्यापासून गुंड्याला पाठवणार नाही. जुळ्यांची आई म्हणाली, बघते. तिच्या डोळ्यांकडे मला बघवलं नाही. बाकीच्या मुलांची अजून सहा घरं सांगायची राहिली आहेत. उद्या जुळ्या आल्या नाहीत तर सकाळीच निघेन, आल्या तर संध्याकाळी.

परत ये म्हणायला मला तोंड नाही. तुझ्याकडून उत्तराचीही अपेक्षा नाही. तुझी चूक नव्हती, हे माझ्या हातचं तुझ्याजवळ असावं म्हणून लिहिलं. कोणी काही म्हणालंच तर त्याला हे पत्र दाखव.

इतकी वर्षं तुझ्या आड उभी राहिलेली,
मोठी