वारं सुटावं म्हणून

मु. पो. पळसदेव, ता. इंदापूर
१४ मे २०२४

भीमादादा,

पाया पडते. वैनीला आणि स्वरालीला आठवण सांग. डेपोतलं काम बरं चाललं असंल. तू माझा फोन उचलत न्हाईस म्हणून कागद लिहितीय. मोईन मासळीचा टेंपो घेऊन बारामतीला येतोय, त्याच्या हाती देते. चहा पाज त्याला, पण काय लिहिलंय म्हणाला तर सांगू नको, गावभर करंल.

हितली खबर अशी. धरण पार तळाला गेलंय. पळसनाथाचं देऊळ पायापर्यंत उघडं पडलंय, पुण्याची माणसं फोटो काढाय येत्यात. उरलंय ते पाणी हिरवंगार, घाण वास मारतंय. आभाळ भरलेलं, पण पाऊस न्हाय आणि झाडाचं पान हलत न्हाय.

अशात परवा सकाळी मासं वर आलं. एक न्हाय दोन न्हाय, सगळं पाणीच मासं! अख्खी वस्ती पाट्या घेऊन धावली. शेजारची भामाबाई तर लुगडं खोचून शिरली पाण्यात, "जयवंता, लक्ष्मी आली गं दारात!" मीबी धावले, खोटं कशाला बोलू. तर हे काठावरनं वरडले, "अगं लक्ष्मी कुठली, मासं गुदमरल्यात! तोंडं बघ त्यांची!" बघते तर सगळं आ करून वरची हवा गिळत हुतं. माझ्या हातनं पाटी गळाली.

त्यात मच्छीमार संस्थेनं सोडलेली बोटुकली हाय, बोटाएवढी पिल्लं. दिवाळीला ती किलोकिलोची झाली असती. लोक मच्छरदाणीनं तीबी उपसाया लागलेत. म्हणत्यात, मरणारच हायत तर खाऊन टाकू. ती गेली तर पुढं दोन वर्सं जाळ्यात नुसतं पाणी यायचं. मग आमी करायचं काय? दुसरं काय येतंय आमाला?

मासं जगायचं तर पाणी हलाया पायजे. वारं सुटलं, लाटा आल्या, की पाण्यात हवा मिसळती. दादा, आपल्या तात्यांची होडी वाऱ्यानंच उलटवली, ते परत आले न्हाईत. तवापासनं मी वाऱ्याचं नाव काढलं न्हाय कधी. काल काढलं. पळसनाथापुढं पदर पसरून म्हणलं, देवा, वारं सोड.

तू इचारशील, म्हस्कूराव काय म्हणत्यात. हे बरं हायत. जेवण जरा कमी झालंय. गोळ्या येळेवर घेत्यात.

बरं, सांगते. रागावू नको. होडी विकल्याबिगर फोन करू नका म्हणालास, ती विकली न्हाय. अंगावरनं वारं गेलं तवापासनं त्यांचा डावा हात लुळा हाय, दवाखान्यात तूच हुतास की उशाला. तरी कालपासनं हे होडी घेऊन पाण्यात हायत. देवळाच्या पल्याड जाळ्याचं कुंपण घालून बोटुकली ठिवलीय, तितं होडीमागं बाभळीचं फेस, काट्याच्या फांद्या, बांधून पाणी घुसळत्यात. मी पाया पडले, रडले, शिव्यासुद्धा दिल्या. तर हसून म्हणत्यात, "एका हातानं वल्हं मारलं की होडी गोलच फिरती. मला गोलच फिरायचंय!" काय बोलणार अशा माणसाला? तूच समजाव. तुझं ऐकत्यात, निदान तुला भ्यात्यात.

मोईन अजून आला न्हाय म्हणून कागद उघडाच ठिवला हुता. आता पुढं लिहितीय, अक्षर लागलं न्हाय तर वैनीकडनं वाचून घे.

वारं सुटलं, दादा. एकदम सुटलं. दोरीवरची कापडं उडाली, पत्रं वाजाया लागलं. भामाबाई नाचत आली, "वाचलं गं मासं!" मी काठावर पळाले. लाटा पांढऱ्या झाल्यात. होडीचं तोंड काठाकडं वळायचं आणि परत फिरायचं. सरळ येताच येईना त्यांना. मी हाका मारल्या, पण वाऱ्यात माझा आवाज मलाच आला न्हाय. मग धुळीत होडी दिसंना झाली.

वस्तीवरचा हिंदुराव आणि आत्ताच आलेला मोईन दुसरी होडी घेऊन गेलेत. मी पाण्यात शिरत हुते म्हणून भामाबाईनं मला घरात आणून बसवलंय आणि स्वतः दारात बसलीय. हाताला काय तरी पायजे म्हणून लिहितीय. मला लई भ्या वाटतंय, दादा.

देवाला थांबव म्हणू का? थांबलं तर बोटुकली मरती, आणि हे आले तर मलाच बोलतील. न्हाय थांबलं तर बोलायला कोण येणार? काल मी मागितलं आणि त्यानं दिलं. आज परत घे म्हणायला जीभ उचलत न्हाय. तू मोठा हायस, तू माग.

उत्तर लिहू नको. ये.

तुझ्याबिगर माहेर नसलेली,
जयवंता