भागीरथाच्या जाळ्यातलं भोक

अहेरी,
दि. ८ डिसेंबर १९५७

चि. रुखमाले थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इथी आम्ही सगळे खुशाल आहो, तुम्ही बल्लारपुरात कसे आहा ते लिहून कळवाचं.

माझे अक्षर पाहून हसू नको. बायांच्या साक्षरता वर्गात दोन वर्सं बसली, पण हात अजून जाळ्याच्या सुईचाच आहे, लेखणी धरली का गाठच मारावी वाटते. पण आज लिहिल्याबिगर राहवत नाई. रुखमा, आपली डेपोची टीम सिरोंचावाल्यायले तीन-दोननं हरवून फायनलमंधी गेली! आलापल्लीच्या लाकूड-डेपोत हमाली करणारे आपले पोट्टे, पायात जोडा नाई, अन् कसे धावले म्हणून सांगू. सिरोंचाचे पोट्टे तेलुगूत काय काय ओरडत होते, एक अक्षर समजलं नाई, पण शिव्या असतीन हे तोंडावरून समजत होतं.

माझा नातू केवळराम गोलकी, गोल राखते. त्याचे मायबाप गेले तवा तो चार वर्साचा, तवापासून मीच वाढवला, तुले ठाऊकच आहे. त्याले मी तलावात शिकवलं होतं का बापा, मासा हातात धरला तं सुटते, छातीशी धरावा. तसाच फुटबाल धरते. बाजाराच्या पटांगणात लोक म्हणत होते का हा गोलकी नाई, हा बगळा होय. मी मांगं बसून ऐकत होती अन् नुसती फुगत होती.

आता एक गोष्ट मात्र वाईट झाली. सिरोंचाचा दुसरा गोल, तो गोल नव्हताच! दोन बांबू उभे, वरतून एक आडवा, मांगं काईच नाई. फुटबाल बांबूच्या आतून गेला का बाहेरून गेला, कोणाले ठाऊक? पंच आपला लच्छू मास्तर. मानूस सरळ आहे, पण पाय धीमे, खेळ इकडं आला का तो तिकडंच राह्यते. मंग मांगं बसलेल्या लोकायले विचारते. लोक भजे खाऊन राह्यले होते, त्यायनं जिकडं तोंड होतं तिकडचं सांगतलं. अर्धा घंटा भांडण झालं, एकाची टोपी फाटली.

म्हणून डेपोच्या टीमचा कप्तान दसरू काल आपल्या दारी आला. म्हणे, आजी, फायनलले बांबूच्या मांगं जाळं बांधू, म्हणजे गोल कोणी नाकारणार नाई. तुझं मोठं ओढायचं जाळं दे, दुसऱ्या बाजूले बुधूचं घेतो. मी म्हटलं, घेऊन जा, पण मी जाळ्याजवळ बसीन. झाडाच्या सालीच्या रंगात उकळलेलं जाळं, सगळ्या अहेरीत तसं नाई, चार लोकायनं पाह्यलं पाहिजे ना.

अन् फायनल कोणाशी ठाऊक आहे? तुमच्या कोळशाच्या खदानीच्या टीमशी! तुझ्या नातवाले, इस्तारीले सांग, येतानी एक उशी घेऊन ये, रडाले कामी येईल. जो जिंकला तो फेब्रुवारीत नागपूरले खेळाले जाईल, माझा केवळराम रात्रंदिवस नागपूर-नागपूर करते.

माया आहे तशी राहू दे, फायनलपुरती थोडी कमी केली तरी चालते.

तुझी बाई,
भागीरथा

०

बल्लारपूर,
दि. १४ डिसेंबर १९५७

ती. भागीरथा बाईले रुखमाचा शि. सा. न. वि. वि. तुमचे पत्र पावले. मी बोलून राह्यली अन् नात प्रेमिला लिहून राह्यली, म्हणून अक्षर सरळ आहे, बोलणं मात्र माझंच.

उशी तुम्हीच जवळ ठेवा बाई. आमचा इस्तारी डाव्या पायाचा आहे. चार खेळात सात गोल मारले त्यानं. खदानीत दिवसभर कोळशाच्या गाड्या ढकलते अन् संध्याकाळी फुटबाल, त्याच्या पायात वाफेचं इंजन आहे म्हणतात. तुमच्या डेपोवाल्यायले सागवानाचे ओंडके उचलाची सवय, ओंडका काही पळत नाई. फुटबाल पळते.

पंचाचं तं नावच काढू नका. मांगच्या खेळात राजुऱ्याकडल्या पंचानं आमच्या इस्तारीचा चांगला गोल काढून घेतला. म्हणे आपसाईड. मी प्रेमिलाले विचारलं तं म्हणे दुसऱ्याच्या गोलाजवळ आधीच जाऊन उभं राहणं गुन्हा आहे. आता पोट्टा बिचारा लवकर पोचला, त्याचा काय दोष? आपल्या लोकायत तं जेवाले उशिरा येणाऱ्याले बोलतात.

माझे गुडघे धरले आहेत, फायनलले येणं होत नाई. तुम्ही पाहाल तसं सगळं लिहाल, एक लाथ सोडाची नाई.

अन् बाई, जाळं देऊन राह्यल्या तं बाबाची रीत विसरू नका. आठवते ना, तलावात उतराच्या आधी बाबा जाळं काठाच्या पारीवर पसरत, भोकाभोकात बोट घालून संगं ओढणाऱ्या सगळ्यायले दाखवत. म्हणत का, दाखवलेल्या भोकातून गेलेला मासा देवाचा, लपवलेल्या भोकातून गेलेला समोरच्याचा. गंमतीनं लिहिलं हो. तुमच्या जाळ्याले भोक असणारच नाई.

राग-लोभ दोन्ही पोचवत जा.

तुमची,
रुखमा

ता. क. मोठ्या आजी, दादा रोज विचारते का केवळरामदादा उजवीकडं उडी मारते का डावीकडं. मी सांगितलं नाही, कारण मले ठाऊक नाही. प्रेमिला.

०

अहेरी,
दि. २६ डिसेंबर १९५७

चि. रुखमाले आशीर्वाद. वि. वि. खुशाली काय लिहू. ज्वर नाई, खोकला नाई, पण घरात कोणी माझ्याशी बोलत नाई. घरात आहे तरी कोण, एक केवळराम. सगळं सांगतो, एक लाथ सोडत नाई.

या ऐतवारी फायनल झाली. मानसं किती! झाडावर पोट्टे, बैलगाड्यायवर बाया, मुरमुरेवाल्याचा माल हाफटैमच्या आधीच संपला. माझं जाळं बांबूले बांधलं तं लोक हात लावून पाहून राह्यले होते. रेंजर साहेबानं दसरूले विचारलं का हे कोणाचं. मी पदर सावरून उभी झाली.

आता ऐक. दिवाळीत तलावात जाळं ओढलं तवा एका कासवानं त्याले भोक पाडलं होतं, टोपल्याच्या तोंडाएवढं. शिवाचं राह्यलं. फायनलच्या सकाळी मी पळसाच्या मुळ्याच्या दोरीनं घाईत ओढून घेतलं, वरतून दिसत नव्हतं. तुझं पत्र दोन दिवस आधी आलं होतं, बाबाची रीत वाचून हसली बी. पण सगळे जाळ्याची तारीफ करून राह्यले अन् मी कोणत्या तोंडानं भोक दाखवू? म्हटलं, फुटबाल काही कासव नाई.

हाफटैमनंतर बाजू बदलल्या अन् आपल्या दसरूनं गोल मारला. बुधूच्या जाळ्यात फुटबाल असा अडकला का काढाले दोघं लागले. एक-शून्य! मी उशीचं नाव घेऊन तुले चार हाका मारल्या, बल्लारपुरात आल्या का ऐकू? इकडं केवळराम माझ्या जाळ्यापुढं उभा होता. तुझ्या इस्तारीनं तीन मारले, यानं तिन्ही छातीशी धरले. खूबच मजा आली.

मंग शेवटी, ऊन उतरलं होतं, इस्तारीनं डाव्या पायानं मारला. केवळरामनं उडी मारली, तोंड धुळीत गेलं. फुटबाल सन्नकन आला, दोरी तुटली अन् भोकातून निघून थेट बैलगाडीखाली. खदानवाले गोल-गोल करून नाचले. लच्छू मास्तर धापा टाकत आला. त्यानं पाह्यलं का फुटबाल जाळ्याच्या मांगं पडला आहे. म्हणे, आतून गेला असता तं जाळ्यात राह्यला असता, हा बाहेरूनच गेला. शिटी वाजवली, गोल नाई! केवळरामच्या डोळ्यात धूळ, त्याले बी तसंच वाटलं. आपले लोक टोप्या उडवून राह्यले होते. दोनच मिनिटं राह्यली होती, रुखमा. शिल्ड आपली, नागपूर आपलं.

इस्तारी मात्र जाळ्याजवळ उभा राहून दोन्ही हात जोडून मास्तरले सांगत होता का आतून गेला. कोणी ऐकेना. अन् माझ्या नाकासमोर ती तुटलेली दोरी लोंबत होती.

मले बाबा दिसले व रुखमा. मी उठली, मैदानात गेली, भोकात बोट घातलं अन् मास्तरले दाखवलं. सांगतलं का, कासवाचं भोक आहे, मी लपवलं होतं, गोल समोरच्याचा.

मंग मास्तरनं शिटी वाजवली, एक-एक. तसाच संपला. लोक मले काय काय बोलले ते सगळं लिहीत नाई, पत्र प्रेमिला वाचते. एक म्हणे, बुढी खदानीची हेर आहे. दसरू म्हणे, आजी, दोन मिनिटं थांबली असती. केवळराम सरळ निघाला. घरी आला, भाकर घेतली, अन् एवढंच सांगतलं का दुसऱ्या खेळाले तू बल्लारपूरले यायचं नाई, आली तं मी उभा राहणार नाई. तवापासून मुका आहे.

खेळ पुन्हा आहे, ५ जानेवारीले, तुमच्या इथी. मास्तरनं सांगतलं का जाळं तेच पाहिजे. मी रोज शिवून राह्यली. भोक तं बुजवलंच, वरून सगळं जाळं दुहेरी केलं, गाठीवर गाठ. सागवानाच्या ट्रकवर टीमसंगं पाठवतो. मी इथीच राहीन. माझ्या जागी तू जाळ्याजवळ बस, गुडघ्यायले सांग का बहिणीचं काम आहे. डोळे उघडे ठेव.

मी चुकली का, तेवढं खरं लिही. बाकी माया.

तुझी बाई,
भागीरथा

०

बल्लारपूर,
दि. ७ जानेवारी १९५८

ती. बाईले शि. सा. न. वि. वि. हे पत्र पोचाच्या आधी तुम्हाले सगळं समजलं असेल, तरी मी सांगतोच.

मुलानं मले खाटेसकट मैदानात नेलं. तुमच्या जाळ्यामांगं खाट टेकवली, वरतून छत्री. मी तं महारानीच दिसत असीन. आमच्या पोट्ट्यायनं तुमचं जाळं बांबूले असं ताणून बांधलं का ढोलावर कातडं. दुहेरी जाळं, गाठीवर गाठ, बोटानं टिचकी मारली तं वाजलं.

हाफटैमपर्यंत काहीच नाई. केवळरामनं इस्तारीचे दोन धरले, एक बोटाच्या टोकानं वर काढला. शत्रूचा आहे हे विसरून मीच टाळी वाजवली, मांगच्या बाईनं मले चिमटा काढला. मंग बाजू बदलल्या, अन् तुमच्या जाळ्याजवळ आमचा गोलकी आला.

शेवटी-शेवटी तुमच्या दसरूनं कोपऱ्यातून मारला. आमचे सगळे गोल वाचवाले मांगं आले होते, इस्तारी बी बांबूले टेकून उभा होता. एवढी गर्दी, एवढ्या लाथा, का मले पाहवलं नाई. बाई, तुम्ही डोळे उघडे ठेव म्हटलं होतं ना? नेमके मी तवाच मिटले. ताडोबाच्या देवाले एक नारळ बोलली, अन् उघडून पाह्यते तं फुटबाल मैदानात, आमचा गोलकी तो लाथ मारून दूर करून राह्यला, अन् डेपोवाले गोल-गोल ओरडून राह्यले.

लच्छू मास्तर या बारीनं धावत आला होता, पण त्याच्यापुढं दहा पाठी होत्या. तो सरळ माझ्या खाटेजवळ आला. अहेरीत तुमच्या शब्दावर गोल दिला होता, तं इथी तुमच्या बहिणीच्या शब्दावर देईन म्हणे. सगळं मैदान माझ्याकडं पाहून राह्यलं, बाई! मी काय सांगू? सांगतलं का मास्तर, मी देवाचं नाव घेऊन राह्यली होती, डोळे बंद होते. लोक हसले का रडले ते समजलं नाई. मास्तरनं शिटी खाली केली, गोल नाई म्हणून मान हलवाले लागला.

तवा इस्तारीनं हात वर केला.

म्हणे, मास्तर, गोल झाला. आत गेला, जाळं घट्ट होतं म्हणून आपटून बाहेर आला, माझ्या डोळ्यासमोर. आमच्या कप्तानानं डोक्याले हात लावला. मास्तरनं पुन्हा विचारलं, खात्री आहे का. इस्तारी म्हणे, मोठ्या आजीनं भोकात बोट घातलं तवा मी तिथीच उभा होतो, आता मी तोंड बंद कसं ठेवू.

एक-शून्य. शिल्ड तुमची. अन् त्या टोकाहून तुमचा केवळराम आपला गोल उघडा सोडून सगळं मैदान धावत आला अन् इस्तारीले कमरेतून उचललं. पाच मिनिटं खेळ बाकी होता बाई, गोलात कोणी नाई, अन् आमच्या एकालेही फुटबाल मारणं सुचलं नाई!

इस्तारीले खदानीत काल दिवसभर टोमणे पडले. पण रात्री दोन ताट जास्त जेवला, म्हणून मले चिंता नाई.

तुम्ही विचारलं होतं, चुकली का. भोक लपवलं ते चुकलंच. पुढचं मी सांगाची गरज राह्यली नाई.

माया तिकडूनही येऊ द्या, शिल्डीसंगं सगळी ठेवून घेऊ नका.

तुमची,
रुखमा

ता. क. आजीनं दोन नाही, तीनदा डोळे मिटले होते. मी मोजले. प्रेमिला.

०

अहेरी,
दि. १२ जानेवारी १९५८

चि. रुखमाले अन् सगळ्यात आधी चि. इस्तारीले अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि. त्याच्यासाठी सुक्या मासोळ्या ट्रकवाल्याजवळ पाठवल्या आहेत, तू खाशील तं मले समजेल.

केवळराम सोमवारी सकाळीच आला. मी अंगण झाडून राह्यली होती. शिल्ड त्यानं उंबऱ्यावर ठेवली. खांद्यावरचं जाळं तसंच घेऊन तलावाच्या पारीवर गेला. मी मांगं-मांगं. त्यानं ते पसरवलं, वाकून जाळ्याचं एकेक घर पाह्यलं, बोट घालून पाह्यलं. माझ्या गाठी त्याले जास्त वाटल्या. उसवत बसला, दुहेरीचं एकेरी करत. दुपार झाली तरी बसूनच. मंग मान वर न करता म्हणे का, आजी, एवढी घट्ट गाठ मारत जाऊ नको, बिचारा गोल बी बाहेर येते. अन् थोड्या वेळानं म्हणे, सुई आण, अन् मासोळीचा झोल उरला असेल तं तो बी.

पंधरा दिवसांनी बोलला, रुखमा, अन् मागितलं काय तं सुई अन् झोल! मी पळत घरी आली, माझे गुडघे तुझ्याहून मोठे आहेत तरी.

आता नागपूर. दसरू घरी येऊन पाया पडला अन् म्हणे, टीमसंगं आजी अन् जाळं दोन्ही पाहिजे. लोकायनं खबर पसरवली आहे का अहेरीची बुढी आपल्याच नातवावर गोल देते, म्हणून नागपूरवाल्यायनं पंचाबद्दल आधीच काळजी सोडली आहे म्हणे. केवळराम म्हणते, बल्लारपूरच्या आजीले बी खाटेसकट घेऊ. इस्तारीले विचार, तो बी येईल का, आमच्या बाजूनं ओरडाले. एका दिवसापुरता डेपोवाला झाला तं अंगावरचा कोळसा काही उतरत नाई.

तू ये, पण डोळ्यायले आत्तापासून सवय लाव. अन् जाळं मी तिथी, सगळ्या नागपूरसमोर, मैदानावर पसरवीन अन् भोकाभोकात बोट घालून दाखवीन. सध्या एकही नाई. तरी दाखवीन.

माया घट्ट नको, ढिल्ली बी नको, केवळरामनं शिवली तशी असू दे.

तुझी बाई,
भागीरथा